पाणसळ

लेबनॉनच्या उत्तरेला, मीना बंदरात माझं दुकान.
आजा होड्या बांधायचा, बाप दारं,
मी लमीस कंदलाफ्तच्या प्रदर्शनांसाठी खोकी बांधतो.
एकतीस वर्षं झाली.

आली तेव्हा बावीसची होती.
काखेत एकच चित्र, जुन्या चादरीत गुंडाळलेलं:
आईच्या स्वयंपाकघराची भिंत, नळाखालचा हिरवा डाग.
म्हणाली, उस्ताद फव्वाझ, चौकट करा,
पैसे विकलं की देते.
अजून विकलं नाही. करवतीच्या वर टांगलंय,
भुशाने जरासं पिवळं पडलंय.

मग तिला दुसऱ्यांच्याच चित्रांचा घोर लागला.
होम्सचा पोरगा, फक्त दारांच्या कड्या काढणारा.
बसऱ्याची बाई, खजुराच्या बिया जाळून शाई करायची.
एडनचा म्हातारा, चाळीस वर्षं एकच बोट रंगवत बसलेला,
आणि बोट काही धक्क्यावरून हलत नव्हती.
सगळ्यांना हिने हुडकून काढलं, पत्रं लिहिली,
व्हिसाच्या बाकड्यांवर त्यांच्या आधी जाऊन बसली.
कंदलाफ्त म्हणजे चर्चमधले दिवे लावणारा.
म्हणायची, घरचा धंदा सोडलेला नाही मी,
आता विजेवर चालतो एवढंच.

चित्रं ती जरा खाली लावायची.
मार्सेलचे लोक टेप घेऊन भांडले:
जगभर डोळ्यांची उंची ठरलेली आहे, बाई.
कुणाच्या डोळ्यांची, एवढंच तिने विचारलं.
तिची आई ठेंगणी होती. मला ठाऊक होतं,
पण मी खिळे तोंडात धरले होते.

आणि तिचा हात उजवीकडे कलतो,
म्हणून पाणसळ नेहमी माझ्याकडे.

साबणाच्या जुन्या वखारीतल्या त्या प्रदर्शनाला
ट्रक सरहद्दीवर अडला.
कारकून म्हणाला, किंमत लिहा.
लिहिली, तर म्हणे, एवढी असेल तर सोडता येणार नाही.
खोडली, तर म्हणे, मग आणताच कशाला?
संध्याकाळी माणसं आली. भिंतीवर नुसते खिळे,
प्रत्येकावर दिवा, खाली नावाची चिठ्ठी.
माणसं थांबली. खिळ्यांपुढे माना झुकवून थांबली.
वर्तमानपत्राने छापलं: अभावाचं धाडसी दर्शन.
ती मागच्या खोलीत, साबणाच्या पालथ्या कढईवर बसून
शिव्या घालत होती.
ट्रक उशिरा आला, फव्वाझ! याला दर्शन म्हणतात?
पुढे शारजा, लिस्बन, कुठून कुठून बोलावणी:
खिळे घेऊन या.
दोनदा गेली. घरभाडं थकलं होतं.

आता पत्र आलंय, तिचंच प्रदर्शन भरवायचंय म्हणून.
समग्र, असा शब्द आहे त्यात.
परवा दुकानात येऊन हसली:
दाखवू काय? चार चित्रं आणि एक पेटीभर कॅटलॉग?
मी रंधा थांबवला नाही.

मी चहाला गेलोय असं समजून
ती माझी पेन्सिल घ्यायची, सुताराची, चपटी,
आणि जिथे दुसऱ्याचं चित्र लागणार
त्या चौकोनात भिंतीवर काढायची काहीतरी.
मग वर चित्र.
महिन्याने ते मीच उतरवायचो, दार लावून.
आईची बोटं, लसूण सोलताना.
पायरीवरची एक चप्पल.
एकदा मी, शिडीवर, पाठमोरा.
आणि बादलीत चुना कालवलेला असायचा.
काम माझंच होतं ते.

काल रात्री वखारीत गेलो.
उत्तरेच्या भिंतीवर चुन्याचे सतरा हात आहेत, सगळे माझे.
पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं, नखाएवढं,
मग तळहाताएवढं.
एक काळी रेघ निघाली.
शिडीची पायरी असेल, नाहीतर नुसती भेग.
पाणसळ लावून पाहिली.
बुडबुडा मधे थांबेना,
डावीकडे सरकला. रेघ उजवीकडे उतरत होती.
दिवा तसाच ठेवून आलोय.